डंजन्स अँड ड्रॅगन्स, पहिल्या लेव्हलची रोग (rogue): आकडे जमले, पण बाई उभी राहत नाही

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगावच्या टिळकवाडीत आमचं चौघांचं टेबल येत्या रविवारी सुरू होतंय. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायची; पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक, सगळे पहिल्या लेव्हलवर. डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, जग स्वतः रचलंय: वर पठार, खाली बंदर, मधे घाट, आणि त्या घाटानं मिठाचे तांडे वर येतात. नकाशा उघडला की आपल्याकडचे चोर्ला आणि भीमगड लगेच ओळखू येतात.

माझं पात्र हाफ-एल्फ, म्हणजे अर्धी माणूस अर्धी एल्फ; क्लास, म्हणजे पेशा, रोग: लपून वार करणारी, चोरटी कसबं असलेली. पॉइंट बायचे, म्हणजे सहा क्षमता विकत घ्यायचे, २७ गुण असे घातलेत: डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), करिझ्मा (छाप) प्रत्येकी १५, बाकी तिन्ही ८. हाफ-एल्फचे वाढीव गुण धरून करिझ्मा १७, बाकीच्या दोन १६. बॅकग्राउंड, म्हणजे आधीचा व्यवसाय, क्रिमिनल. बॅकस्टोरी दोन पानं: आईवडील दरोड्यात गेले, रस्त्यावर वाढली, कुणावर विश्वास ठेवत नाही, सूड घ्यायचाय.

कागदावर सगळं ठीक दिसतं. पण डीएमनं "तू काय करतेस?" असं विचारलं तर कुलूप, खिसा आणि पाठीत सुरी यापलीकडं मला काही सुचत नाही. बॅकस्टोरी आणखी वाढवू का? फ्लॉ, म्हणजे स्वभावातला दोष, कसा लिहायचा, की तो दर खेपेला कामाला येईल? आणि आकड्यांना हात लावायची गरज आहे का? नेमकं सांगा, रविवारपर्यंत वेळ आहे.

---

वीसपाखी_निपाणी

आकड्यांपासून सुरू करू, कारण तुम्ही समजता तसे ते जमलेले नाहीत.

पॉइंट बायमध्ये ८ फुकट, १० ला २ गुण, १२ ला ४, १३ ला ५, १४ ला ७ आणि १५ ला ९. म्हणजे १३ पर्यंत पायरीला एक गुण, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. ही महागाची चढण तुम्ही तीनदा चढलात, आणि त्यापायी स्ट्रेंथ (ताकद), इंटेलिजन्स (बुद्धी), विजडम (भान) तिन्हींत फाशाला लागणारा मॉडिफायर उणे १ घेऊन बसलात. पर्सेप्शन (आसपासचं टिपणं) शिकलेली असूनही तुमचा पॅसिव्ह, म्हणजे फासा न टाकताचा, आकडा ११ च येतो: मूळ १०, प्रोफिशियन्सीचे (शिकल्याचे) २, वजा विजडमचा १. इन्सायटचं (माणूस ओळखणं) तेच, इन्व्हेस्टिगेशनचं (माग काढणं) तेच. ही बाई कुलूप उघडेल, पण दारामागं कुणी उभं आहे का, समोरचा खोटं बोलतोय का, चिखलात खूर कुणाचे उमटलेत, यातलं तिला फारसं काही कळणार नाही. तुम्हाला सुचत नाही त्याचं निम्मं कारण मला इथंच दिसतं. जिला काही दिसतच नाही ती बोलणार कशावर?

असं करून बघा: स्ट्रेंथ ८, डेक्स्टेरिटी १५, कॉन्स्टिट्यूशन १३, इंटेलिजन्स १२, विजडम १२, करिझ्मा १३. गुण ०, ९, ५, ४, ४, ५, बेरीज २७. हाफ-एल्फचे दोन करिझ्माला, एकेक डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशनला. हाती येतात ८, १६, १४, १२, १२, १५. चामड्याच्या चिलखतात एसी, म्हणजे वार चुकवण्याचा आकडा, १४, म्हणजे होता तेवढाच. हिट पॉइंट, म्हणजे जीव, ११ चे १० होतात. करिझ्माचा मॉडिफायर ३ वरून २ वर येतो. त्या बदल्यात इंटेलिजन्स आणि विजडम दोन्ही उणे १ वरून अधिक १ वर येतात, आणि पॅसिव्ह पर्सेप्शन १३ होतं. सौदा चांगला आहे. करिझ्मा विषम आकड्यावर अडकलंय, त्याची चिंता नको. चौथ्या लेव्हलला डीएम फीट, म्हणजे जादा कसब, देत असेल तर ॲक्टर नावाचं घ्या, त्यात करिझ्मा एकानं वाढून १६ होतं. आणि दुसऱ्याचं सोंग घेताना डिसेप्शन (थापा), परफॉर्मन्सवर (अभिनय) ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा.

आता "कुणावर विश्वास ठेवत नाही" याबद्दल. रोगच्या बाबतीत हे वाक्य नियमांशीच भांडतं. स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा संधी साधून केलेला जादा घाव, कधी लागतो? तुमच्याकडं ॲडव्हान्टेज असेल तेव्हा, किंवा तुमच्यावर डिसॲडव्हान्टेज नसून शत्रूच्या ५ फुटांत तुमचा साथीदार असेल तेव्हा. पहिल्या लेव्हलला लपायला बोनस ॲक्शन (जादा कृती) नाही, ती दुसऱ्या लेव्हलच्या कनिंग ॲक्शनमधून येते. म्हणजे रोज भरवशाचा मार्ग एकच: साथीदार पुढं, तुम्ही त्याच्या जोडीला.

हिशेब बघा. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचे हिट पॉइंट ७. शॉर्टसोर्डचा डी६ (सहा बाजूंचा फासा) अधिक ३, सरासरी साडेसहा. वार बसला तरी एका फटक्यात पडण्याची शक्यता निम्मीच, डी६ वर ४ किंवा जास्त पडायला हवेत. स्नीक अटॅकचा एक डी६ मिळाला की सरासरी १० होते आणि ३६ पैकी ३३ वेळा गॉब्लिन आडवा होतो. एकटीनं फिरणारी रोग हा निम्म्या ताकदीचा क्लास आहे. तेव्हा "ती माणसं जोखून जवळ करते" असा स्वभाव धरलात तर तो लढाईतही उपयोगी पडेल.

---

घाटमाथा

वरचे आकडे पटले. आता माणसाकडं वळू, कारण माझ्या मते मूळ दुखणं तिथंच आहे.

तुमच्या दोन पानांत जिवंत माणूस एकही नाही. आईवडील मेले, दरोडेखोर पळून गेले, मित्र नाहीत, शेजारी नाहीत. डीएमला या बाईशी बोलायला कुणाला पाठवायचं तेच कळणार नाही. सूड ही एकच गोष्ट उरते, आणि सुडाचा माणूस दहाव्या लेव्हलला भेटणार. तोवर रविवारी दुपारी चार वाजता ती काय करेल? बॅकस्टोरी लांबवून हे सुटत नाही. देणंघेणं लिहिलं की सुटतं. कुणाचं काय देणं लागते, तिच्यावर कोण अवलंबून आहे, कुणासमोर ती मान खाली घालते, एवढं ठरलं की ती आपोआप बोलायला लागते.

म्हणून पहिली सूचना: क्रिमिनल सोडा. रोग म्हणजे चोरच असं पुस्तकात कुठंही म्हटलेलं नाही. स्टेल्थ (लपणं), हातचलाखी, माणूस ओळखणं ही कसबं घाटात माल चढवणाऱ्यालाही लागतात. गिल्ड आर्टिझन (कारागीर-संघाचा माणूस) या बॅकग्राउंडच्या पानावर खाली गिल्ड मर्चंट (संघाचा व्यापारी) हा पर्याय दिलाय, तो घ्या. इन्सायट आणि पर्स्वेजन (गळी उतरवणं) ही दोन स्किल्स मिळतात, एक भाषा मिळते, आणि कारागिरीच्या हत्यारांच्या प्रोफिशियन्सीऐवजी आणखी एक भाषा घेता येते. हत्यारांच्या जागी सामानात खेचर आणि गाडी. घाटात गाडी चढत नाही, तेव्हा डीएमला विचारून गाडीऐवजी ओझ्याचं खोगीर मागा. किमतीच्या तक्त्यात गाडी १५ सोन्याची नाणी आणि असं खोगीर ५, त्यामुळं कुणी नाही म्हणणार नाही.

खेचरामुळं स्ट्रेंथ ८ लाही अर्थ येतो. ८ गुणिले १५ म्हणजे ती जेमतेम १२० पौंड उचलू शकते, आणि तक्त्याप्रमाणं खेचर ४२० पौंड नेतं. मिठाच्या तांड्यात वाढलेली, पण गोणी स्वतः न उचलू शकणारी पोर. तिनं जनावरं सांभाळली, हिशेब सांभाळला, रात्री वाटेवर नजर ठेवली. स्टेल्थ, पर्सेप्शन, ॲनिमल हँडलिंग, इन्सायट ही चारही स्किल्स या एका ओळीतून येतात. स्ट्रेंथ कमी का, हे सांगता आलं की शीटमधली सगळ्यात कच्ची जागाच तिची ओळख होते.

दुसरं, तिला आधी काय दिसतं ते ठरवा. "तू काय करतेस?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "मी अमुक बघते" इथून सुरू होतं. सराईत चोर दारात शिरताच खिडक्या मोजतो. मीठवाल्यांच्या तांड्यातली बाई दुसऱ्याचं जनावर भेटलं की आधी खोगिराखाली दोन बोटं सरकवते आणि पाठ सोललीय का ते बघते. पाठ सोललेली असेल तर मालक घाईत आहे, किंवा जनावर त्याचं नाही. गोणीला हात लावला तर बूड चाचपते: पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, बूड ओलं होतं, वजन उतरतं. बूड कोरडं लागलं तर आत मीठ नाही. हे डीएमसमोर म्हणा आणि इन्व्हेस्टिगेशन टाका. अशा दोन सवयी पुरेत, आवाज काढायची गरज नाही.

फ्लॉबद्दल नेमकं. "तापट", "लोभी", "संशयी" असे शब्द लिहू नका. वाक्याचा साचा असा ठेवा: अमुक झालं की मी तमुक करते, तोटा होत असला तरी. तुमच्यासाठी एक सुचवतो:

चौकीवर कुणी नाव विचारलं की ती खोटं नाव सांगते, खरं सांगणं सोयीचं असलं तरी.

हे का चालतं बघा. वेळ ठरलेली आहे, त्यामुळं डीएमला हवं तेव्हा चौकी उभी करता येते. नुकसान तिचंच होतं, साथीदारांचा माल जात नाही. आणि गिल्ड मर्चंटच्या सामानात गिल्डचं ओळखपत्र असतं, त्यावर खरं नाव असणारच. एका खिशात खरं नाव, तोंडात खोटं. चौकीवरच्या शिपायानं पत्र मागितलं की खेळ आपसूक सुरू.

नावावरून तिसरी गोष्ट. दोन नावं ठेवा. पठारावर सातेरी, बंदरात साथेरिल. कोण कुठल्या नावानं हाक मारतो यावरून तो कुठल्या बाजूचा आणि किती जवळचा हे सगळ्या टेबलाला कळतं. आपल्याकडं एकाच माणसाला या गल्लीत दादा आणि पलीकडच्या गल्लीत अण्णा म्हणतात, त्यामुळं हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

भाषा ही तर या भागातल्या टेबलाची हुकमी जागा, आणि लोक ती दोन सेकंदांत भरून मोकळे होतात. हाफ-एल्फला कॉमन, एल्फिश आणि आवडीची एक, गिल्ड मर्चंटच्या दोन, वर रोगची थीव्ह्ज कँट, म्हणजे चोरांची सांकेतिक बोली. सहा झाल्या. नुसती यादी करू नका, कामं वाटून द्या: ती मनात मोजते कुठल्या भाषेत, घासाघीस करते कुठल्या, आणि दचकली की तोंडून काय निघतं. खडेबाजारात भाव एका भाषेत, हिशेब दुसऱ्या भाषेत आणि घरी तिसरी, हे आपण रोज ऐकतो. टेबलावर "ती एल्फिशमध्ये पुटपुटते" एवढं म्हटलं तरी पुरे. ज्याला एल्फिश येतं त्यालाच डीएम अर्थ सांगेल, आणि पार्टीत, म्हणजे साथीदारांत, लगेच एक नवं नातं तयार होईल. थीव्ह्ज कँटही चोरांचीच कशाला? तांडेवाल्यांच्या खुणा समजा: दगडावर चुना, झाडाला बांधलेली चिंधी.

आणि तीन जिवंत माणसं, प्रत्येकाचं नाव आणि एक ओळ. एक जिचं देणं लागते, एक जी तिच्यावर विसंबून आहे, एक जो तिला कमी लेखतो. चौथं लिहू नका, डीएमच्या ते लक्षात राहत नाही.

एक सुचवून थांबतो. आपल्या खानापूर तालुक्यातच मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून समुद्राला मिळते. तुमच्या डीएमनं घाट काढलाच आहे, तर त्याला विचारा: सातेरीच्या घरावरचं पावसाचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं? उत्तर एका शब्दाचं आहे, पण तिचं घर पठाराचं की बंदराचं हे त्यातून ठरतं.

---

पडद्यामागे

डीएमच्या बाजूनं बोलतो. वरचं बहुतेक मान्य, पण रविवारपर्यंत एवढं सगळं लिहू नका.

पहिल्या लेव्हलला १० हिट पॉइंट. गॉब्लिनचा बाण सरासरी साडेपाच. दोन बाण लागले की ११, म्हणजे ती शून्यावर आणि डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायचे फासे, सुरू: १० किंवा वर आलं तर यश, आधी तीन यशं की तीन अपयशं यावर जीव. पहिल्याच लढाईत हे घडू शकतं, फाशांची चूक नाही. म्हणून पोस्टकार्डाएवढा कागद घ्या, एकाच बाजूला लिहा. पुस्तकात जागा आहे तेवढीच भरा: स्वभावाच्या दोन ओळी, एक आयडियल (तत्त्व), एक बाँड (जिव्हाळा), एक फ्लॉ. खाली तीन माणसं. बाकी जागा रिकामी ठेवा. ३०० एक्सपीला (अनुभवाचे गुण) दुसरी लेव्हल, ९०० ला तिसरी, आणि रोगचा आर्किटाइप, म्हणजे पुढची शाखा, तिसरीलाच निवडायचा असतो. ती पुढं कोण होणार हे तेव्हा ठरवायला पुस्तकच मुभा देतं, आपण आधी कुलूप घालायचं नाही. आर्केन ट्रिक्स्टर ही मंत्र वापरणारी शाखा मनात असेल तर मात्र आत्ताच सांगा: इंटेलिजन्स १२ वर मंत्राचा सेव्ह डीसी, म्हणजे सुटायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा, तिसऱ्या लेव्हलला ८ अधिक २ अधिक १, म्हणजे ११. समोरचे बहुतेक वेळा सुटतील. मग गुण घालताना इंटेलिजन्स १४ हवं, करिझ्मा १३ चं १० वर आणावं लागेल.

कार्डाची एक प्रत डीएमला द्या, खेळाच्या दोन दिवस आधी. टेबलावर बसल्यावर दिलेलं कार्ड त्या दिवशी कामाला येत नाही. चौकी, शिपाई, तुमची तीन माणसं यांना गोष्टीत जागा करायला वेळ लागतो.

फ्लॉच्या बाबतीत टेबलं मोडतात ती एका वाक्यावर: "माझी कॅरेक्टर असंच करेल." बहुतेक वेळा त्याआधी तिनं साथीदाराच्या पिशवीत हात घातलेला असतो. ज्या फ्लॉचं बिल दुसरा खेळाडू भरतो तो फ्लॉ बदला. तुमच्या स्वभावाची गुंतागुंत डीएम आणि त्याची माणसं यांच्यावर निघायला हवी.

इन्स्पिरेशन, म्हणजे चांगल्या खेळाचं बक्षीस, वापरा. २०१४ च्या नियमात डीएम ते आयडियल, बाँड, फ्लॉ नीट खेळल्याबद्दल देतो. एका वेळी एकच असतं, साठवता येत नाही, आणि खर्च केलं की एका अटॅक, सेव्ह किंवा चेकवर ॲडव्हान्टेज. दुसऱ्याचा खेळ आवडला तर आपलं त्याला देताही येतं. अडचण अशी की डीएमच्या डोक्यात एका वेळी चाळीस गोष्टी असतात आणि तो द्यायचं विसरतो. टेबलाच्या मधे चार चिंचोके ठेवा, माणशी एक. चौकीवर सातेरीनं खोटं नाव सांगितलं आणि अंगाशी आलं की शेजारच्यानंच चिंचोका पुढं सरकवावा, डीएमनं मान हलवावी.

आणखी एक, हे गंभीरपणे सांगतो. घाट, चौकी, दोन भाषा, दोन नावं हे सगळं आलं की आपला खरा सीमाप्रश्न टेबलावर यायला वेळ लागत नाही. चौघांच्या चार घरांत त्यावर चार मतं असतील आणि ती खेळण्यासारखी नाहीत. पहिल्या बैठकीआधी अर्धा तास बसा आणि ठरवा: भांडण मिठाच्या जकातीचं, खऱ्या पक्षांची, संघटनांची, गावांची नावं नाहीत, आणि कुणी हात वर केला की तो प्रसंग तिथंच थांबवून पुढं जायचं. काल्पनिक घाटात दोन भाषांच्या मधली बाई पुरेपूर खेळता येते, त्यासाठी खरी जखम उघडायला नको.

---

काठपदर_शहापूर

दोन दुरुस्त्या टाकते.

टेबलावर कुणी २०२४ चं पुस्तक आणलं तर वरचं सगळं जसंच्या तसं चालणार नाही. त्यात गुणांची वाढ वंशावरून न येता बॅकग्राउंडवरून येते, आणि हाफ-एल्फ वेगळी दिलेली नाही. मर्चंट नावाचं बॅकग्राउंड आहे, त्यात ॲनिमल हँडलिंग आणि पर्स्वेजन मिळतं, पण वाढ कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, करिझ्माला, डेक्स्टेरिटीला नाही. इन्स्पिरेशनही तिथं ॲडव्हान्टेज न देता एक फासा पुन्हा टाकू देतं. दोन पुस्तकं मिसळू नका, एक धरा.

पुस्तक एकाकडंच असेल तर बाकीच्यांनी एसआरडी ५.१, म्हणजे नियमांची अधिकृत संक्षिप्त प्रत, उतरवून घ्यावी. जानेवारी २०२३ पासून ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. श्रेय दिलं की तक्ते मराठीत करून वाटायलाही हरकत नाही. रोग आणि हाफ-एल्फ दोन्ही त्यात आहेत. बॅकग्राउंड मात्र एकटं ॲकोलाइट (देवळातला सेवक). पण बॅकग्राउंड स्वतः जुळवायचा नियम दिलाय: कुठलीही दोन स्किल्स, आणि हत्यारं किंवा भाषा मिळून दोन. त्यातून मीठवाली तयार होते.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. पाणी पश्चिमेला वाहतं असं ठरलं, म्हणजे घर घाटमाथ्यावर पण ओढ बंदराची. कार्ड असं झालंय, तपासून सांगा.

सातेरी, बंदरात साथेरिल. हाफ-एल्फ, रोग, गिल्ड मर्चंट. ८, १६, १४, १२, १२, १५. एसी १४, हिट पॉइंट १०.
रोगची स्किल्स: स्टेल्थ, पर्सेप्शन, इन्व्हेस्टिगेशन, इन्सायट. बॅकग्राउंडची: इन्सायट, पर्स्वेजन. हाफ-एल्फची: ॲनिमल हँडलिंग, डिसेप्शन. एक्स्पर्टाइज (दुप्पट प्रोफिशियन्सी): स्टेल्थ आणि थीव्ह्ज टूल्स (कुलूप उघडायची हत्यारं).
स्वभाव: अनोळखी जनावराची पाठ आधी बघते, मालकाचं तोंड नंतर. नाणी जोडीजोडीनं मोजते.
आयडियल: उचललेलं ओझं पोचवायचंच.
बाँड: बंदरातली मावशी. आजारी आहे, तिचा खर्च सातेरीवर.
फ्लॉ: ती कुणालाही खरं नाव सांगत नाही.
माणसं: तांड्याचा नाईक मल्लाप्पा, त्याचं खेचराचं देणं. मावशी एलवेन. चौकीवरचा कारकून नागोजी, "ना इकडची ना तिकडची" म्हणतो.

---

घाटमाथा

कार्ड झकास. तीन ठिकाणी हात फिरवा.

फ्लॉमधून तुम्ही चौकी काढून टाकलीत आणि तिथंच तो बिघडला. "कुणालाही" म्हटलं की साथीदारही त्यात आले. चार खेपा झाल्या तरी पार्टीला तिचं नाव कळणार नाही, आणि तुमची जुनी "कुणावर विश्वास नाही" मागच्या दारानं परत आली. वेळ बांधून द्या: चौकीवर, जकातीच्या नाक्यावर, हातात कागद-लेखणी असलेल्या कुणाहीसमोर. साथीदारांना पहिल्याच दिवशी खरं नाव सांगा, मग चौकीवर त्यांच्यादेखत खोटं सांगताना त्यांची जी धांदल उडेल ती बघण्यासारखी असेल.

इन्सायट दोनदा आलंय. बॅकग्राउंडमधून मिळतंच, तेव्हा रोगच्या चारांत त्या जागी स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी) घ्या. एकूण आठ स्किल्स व्हायला हवीत, तुमची सातच होत होती.

एक्स्पर्टाइज स्टेल्थवर बरोबर, बेरीज अधिक ७. पण दुसरी थीव्ह्ज टूल्सवर घालू नका. तिथं प्रोफिशियन्सीनंच अधिक ५ आहे आणि ही बाई कुलपांवर जगत नाही. इन्सायटवर घाला, तेही अधिक ५ होईल. माणूस जोखणं हे तिचं पोट आहे, आकड्यात दिसायला हवं.

---

वीसपाखी_निपाणी

एक पैशाचा हिशेब राहिला. गिल्डची वर्गणी महिन्याला ५ सोन्याची नाणी, न भरल्यास गिल्डचा आधार जातो. सुरुवातीच्या थैलीत १५ असतात, म्हणजे तीन महिने. त्यातून मावशीचा खर्च आणि मल्लाप्पाचं देणं काढलं की दुसऱ्या महिन्यातच ओढाताण. हा आकडा कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहा आणि दर खेपेला खोडून नवा घाला. धोक्याचं काम घ्यायचं की सोडायचं हे मग तुम्हाला विचार करून ठरवावं लागणार नाही, थैलीकडं बघितलं की कळेल.

खेचराचे हिट पॉइंट ११, एसी १०. बाण सुटायला लागले की त्याला आधी दगडाआड न्या, त्यात तुमची हालचाल खर्ची पडेल. त्याला नावही द्या. मल्लाप्पाचं देणं फिटलेलं नाही, तेव्हा ते अजून पुरतं तुमचं नाही, हे डीएमच्या प्रतीवर लिहायला विसरू नका.

---

मलप्रभाकाठ

तिन्ही बदल केले. शेवटची ओळ आता अशी: हातात कागद-लेखणी असलेल्यानं नाव विचारलं की ती खोटं सांगते, तोटा होत असला तरी. खेचराचं नाव तुकडा. डीएमला प्रत आज संध्याकाळी देते, चिंचोके घरात आहेतच.